चर्च बांधायचं ते कुणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलचा पाया गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या पुढाकारानं १६७६ साली घातला गेला. पुढच्याच वर्षी ते वारले आणि अर्धवट भिंती जवळपास चाळीस वर्षं तशाच राहिल्या. रिचर्ड कॉब या पाळकांनी पुन्हा वर्गणी उभी केली, तेव्हा १७१८च्या नाताळात तिथं उपासना सुरू झाली. एकाच माणसाच्या उत्साहावर काम उभं असलं की त्याच्यामागे ते थांबतं.

देवाला राहायला घर हवं म्हणून आपण चर्च बांधत नाही. आकाशातही न मावणारा देव या मंदिरात कसा मावेल, हे शलमोन राजानं यरुशलेमचं मंदिर समर्पित करतानाच्या प्रार्थनेतच विचारलं होतं. आरंभीच्या मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती लोक, घराघरांत जमत. वास्तू हवी ती मंडळीला एकत्र जमता यावं, प्रभुभोजन घेता यावं, शेजारच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसता यावं म्हणून.

नकाशाही तिथूनच काढावा. बाकावर माणशी अठरा ते वीस इंच आणि बाकांच्या रांगांमध्ये तीन फूट अंतर धरलं, तर एकाला साधारण पाच चौरस फूट लागतात. मधली वाट, वेदी, व्हरांडा धरून आठ ते दहा. दोनशेंच्या मंडळीला दोन हजार चौरस फूट पुरतात. नाताळच्या गर्दीसाठी दुप्पट बांधू नका, त्या दिवशी अंगणात मांडव घाला.

अंदाजपत्रकात भिंती आणि छप्पर धरतात. बाक, वायरिंग, रॅम्प, संडास, पाण्याचा निचरा राहून जातो. तिथंच काम अडतं. मग कर्ज निघतं, किंवा एखादा मोठा देणगीदार येतो आणि मनोरा किती उंच हवा ते तोच ठरवतो. हे होऊ देऊ नये. निवासमंडपासाठी, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूसाठी, लोक गरजेपेक्षा जास्त आणू लागले, तेव्हा मोशेनं दवंडी पिटवून देणं थांबवलं होतं. स्वखुशीनं आलेल्या पैशालाही हिशेबाची हद्द असते.

बांधकाम फंडाचं खातं वेगळं ठेवा. अर्पण नात्यात नसलेल्या दोघांनी मोजून सही करावी. छपरासाठी दिलेला पैसा पाळकांच्या पगाराला वळवू नये. परदेशी देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही.

आणि दरवर्षी बांधकाम खर्चाच्या दीड-दोन टक्के रक्कम देखभालीला काढून ठेवा. मनोरा छपराला भिडतो तो सांधा बहुधा आधी गळतो, कारण जड मनोरा जास्त खचतो आणि फट पडते. ती मे महिन्यातच बुजवावी, पन्हळी साफ कराव्यात.