पोर्टरच्या पिंपापासून पाहुण्याच्या खोलीपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात खराडीला काही वर्षं प्रीमियर इन नावाचं हॉटेल होतं. आपल्यापैकी कुणी तिथे उतरलंही असेल. त्या हॉटेलच्या मागे असलेल्या व्हिटब्रेड या इंग्रज कंपनीने पुढे भारतातून काढता पाय घेतला, पण तिची कहाणी ऐकण्यासारखी आहे. कारण ही कंपनी जन्मली ती बिअर बनवायला, लंडनमध्ये, १७४२ साली.

सॅम्युएल व्हिटब्रेड हा बेडफर्डशायरचा मुलगा. लहान वयातच लंडनला एका बिअर कारखानदाराकडे उमेदवारीला लागला आणि बाविसाव्या वर्षी भागीदारीत स्वतःचा धंदा थाटला. लंडनच्या हमालांना तेव्हा एक काळसर, कडवट बिअर फार प्रिय होती. हमाल म्हणजे पोर्टर, म्हणून त्या बिअरचं नावही पोर्टर पडलं. ती महिनोन्‌महिने मुरवावी लागे. मुरवायची तर जागा हवी आणि तोवर पैसा अडकवून ठेवायची ताकद हवी. छोट्यांना ते झेपत नव्हतं. व्हिटब्रेडने १७५० साली चिझवेल स्ट्रीटवर मोठा कारखाना उभारला. तिथलं पोर्टर मुरवायचं दालन साठ फूट रुंद होतं. वर लाकडी छत आणि मध्ये एकही खांब नाही!

माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायची चक्की घोडे फिरवत. १७८५ मध्ये त्यांच्या जागी बोल्टन आणि वॅट यांचं वाफेचं इंजिन आलं. इंजिनाच्या वर-खाली हालचालीने चाक फिरवायची जी भुजादंडाची (क्रँकची) युक्ती, तिचं पेटंट दुसऱ्याकडे होतं. मग वॅटने एक दातेरी चाक दुसऱ्याभोवती फिरवलं, सूर्याभोवती ग्रह फिरावा तसं. हे नवल बघायला दोन वर्षांनी खुद्द राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट कारखान्यात आले. १७९६ मध्ये कारखान्याने वर्षाला दोन लाख पिंपांचा टप्पा ओलांडला. ते इंजिन १८८७ पर्यंत राबलं, म्हणजे १०२ वर्षं. आज ते ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या पॉवरहाउस संग्रहालयाकडे आहे. यंत्राला एवढं दीर्घ आयुष्य लाभलं की मला त्याच्याविषयी माणसासारखीच माया वाटते.

१८७१ मध्ये लुई पाश्चर इथे आले. त्यांनी यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातले दोष दाखवले. आठवड्याच्या आत ते पुन्हा आले, तर कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत आणलेला! चूक कळल्यावर इतक्या तत्परतेने हलणाऱ्या या लोकांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता हॉटेलं कुठून आली? माझ्या मते त्याचं मूळ पबमध्ये आहे. इंग्लंडात पुष्कळसे पब बिअर कारखान्यांच्याच मालकीचे असत. चालवणारा भाडेकरू, पण बिअर मालकाचीच विकायची. म्हणजे व्हिटब्रेडकडे गावोगावी इमारती होत्या आणि तिथे येणारं गिऱ्हाईकही होतं. १९७४ मध्ये कंपनीने बीफईटर ही रेस्टॉरंटांची साखळी सुरू केली. १९८७ मध्ये ट्रॅव्हल इन हे स्वस्त, साधं हॉटेल आलं. अशी हॉटेलं बऱ्याचदा रेस्टॉरंटला लागूनच बांधली जात. पाहुणा शेजारी जेवणार, म्हणून हॉटेलला वेगळा मुदपाकखाना नको. ट्रॅव्हल इनचंच पुढे प्रीमियर इन झालं.

दरम्यान १९८९ मध्ये सरकारने नियम आणला: ज्या कारखानदाराकडे दोन हजारांहून जास्त पब असतील, त्याने दोन हजारांवरच्या पबांपैकी निम्मे पब मालकाचीच बिअर विकायच्या बंधनातून मोकळे करायचे. बिअर आणि पब यांची जुनी गाठ तिथे सैल झाली. २००० साली व्हिटब्रेडने बिअरचा धंदाच बेल्जियमच्या इंटरब्रूला विकला, पाठोपाठ पबही गेले. १९९५ मध्ये घेतलेली कोस्टा कॉफी त्यांनी वाढवली आणि २०१९ मध्ये ३.९ अब्ज पौंडांना कोका-कोलाला दिली. हातात राहिली ती मुख्यतः हॉटेलं आणि रेस्टॉरंटं.

चिझवेल स्ट्रीटवर बिअर बनणं १९७६ मध्येच थांबलं होतं. ते बिनखांबी दालन अजून उभं आहे. तिथे आता मेजवान्या आणि समारंभ होतात. जुन्या कारखान्याच्या काही भागात हॉटेलही झालं, पण ते व्हिटब्रेडचं नाही.

नमस्कार.