बारा अंशांची आघाडी

[दृश्य: उभा कापलेला सिलिंडर]

हा सिलिंडर नीट पाहा. याला हेड, म्हणजे वरचं झाकण, नाही, व्हॉल्व्ह नाहीत. एकाच लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, दोन पिस्टन, एक वरून येतो, एक खालून. दोघांच्या माथ्यांमध्ये उरलेल्या चिंचोळ्या जागेत हवा दाबली जाते आणि लायनरच्या बाजूने बसवलेले इंजेक्टर तिथेच डिझेल फवारतात.

हे फेअरबँक्स-मोर्सचं इंजिन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांत बसलेलं. बोअर, म्हणजे आतला व्यास, 206 मिलिमीटर; प्रत्येक पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे सरकण्याचं अंतर, 254. पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा क्रँकशाफ्ट वर एक, खाली एक; दोन्ही उभ्या शाफ्टने आणि गिअरने जोडलेले.

[दृश्य: पोर्ट जवळून]

लायनरला वरच्या टोकाला हवेची भोकं, खालच्या टोकाला धुराची. ती उघडायचं-मिटायचं काम पिस्टनच करतात. हे दोन स्ट्रोकचं इंजिन, ते स्वतः हवा ओढत नाही; ती ब्लोअर, म्हणजे हवेचा पंप, ढकलतो. वरून शिरलेली हवा धूर खाली रेटत बाहेर काढते.

खरी गंमत पुढे आहे. खालचा क्रँक वरच्यापेक्षा 12 अंश पुढे ठेवलेला असतो. त्यामुळे धुराची भोकं आधी उघडतात, दाब उतरतो आणि मगच हवेची उघडतात. नाहीतर धूर उलटा हवेच्या पेटीत घुसला असता. मिटतानाही धुराची आधी मिटतात, म्हणून ब्लोअरला आणखी थोडी हवा कोंबता येते.

याची किंमतही आहे. जळण्याचा जोर चढतो तेव्हा खालचा क्रँक डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सर्वांत आत असतानाची जागा, ओलांडून गेलेला असतो, वरचा जेमतेम तिथे पोचतोय. पूर्ण लोडवर जवळपास 72 टक्के शक्ती खालच्या क्रँकवर मिळते. शिवाय सगळा तापलेला धूर खालच्याच पिस्टनच्या काठावरून जातो, त्यामुळे तोच जास्त तापतो, आणि धुराच्या भोकांत कार्बन साठला की हवा अडते, धूर काळा होतो.

[दृश्य: इंडिकेटर कॉक]

बराच वेळ उभ्या राहिलेल्या इंजिनात वरचं तेल पिस्टनवरून झिरपून सिलिंडरमध्ये साचू शकतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्रत्येक सिलिंडरवरचे छोटे इंडिकेटर कॉक, म्हणजे बाहेर उघडणारे नळ, सगळे उघडायचे आणि इंजिन हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवायचं. कॉकमधून तेल किंवा पाणी आलं, तर कारण सापडेपर्यंत स्टार्टला हात लावायचा नाही.

आणि लायनर बदलायचा असेल, तर आधी वरचा क्रँकशाफ्ट उतरवावा लागतो. हेच इंजिन रेल्वेच्या डिझेल इंजिनांतही बसवलं गेलं; रेल्वेच्या वर्कशॉपना ते नकोसं वाटायचं ते यामुळेही.