परांचीची भोकं : आयर्लंडमधली एक दिवसाची दुर्गयात्रा

नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये किल्ले बघायला एकच दिवस हाताशी असेल तर कुठे जावं, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. डब्लिनहून सकाळी लवकर गाडी काढा आणि बॉइन नदीच्या खोऱ्यात जा. ट्रिमचा किल्ला, बेक्टिव्हचा मठ आणि मेलिफाँटचा मठ ही तीन ठिकाणं एका दिवसात नीट होतात. चौथं उरकायचा मोह टाळा, कारण ट्रिमलाच अर्धा दिवस जातो, आणि तो जायलाच हवा.

ट्रिम डब्लिनपासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. नदीकाठच्या हिरव्या माळावर हा किल्ला उभा आहे. डोंगर नाही, कडा नाही. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, याचं संरक्षण कशाने होत होतं? त्याचं बळ पाण्यात, खंदकात आणि भिंतींच्या जाडीत होतं. 1172 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने मीथ हा अख्खा प्रांत ह्यू द लेसी या नॉर्मन, म्हणजे मूळच्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या, सरदाराला देऊन टाकला. द लेसीने घाईघाईत इथे मातीचा बांध आणि लाकडी कोट उभारला. वर्ष-दोन वर्षांतच आयर्लंडचा राजा रोरी ओ'कॉनर चालून आला आणि तो कोट जळाला. त्यानंतर दगडाचं काम सुरू झालं.

मधला बालेकिल्ला बघताना चक्रावायला होतं. मध्ये भक्कम चौकोन आणि त्याच्या चारही बाजूंना एकेक बुरूज बाहेर काढलेला, म्हणजे एकूण वीस कोपरे. लढाईच्या दृष्टीने हे शहाणपणाचं नाही. जितके कोपरे जास्त, तितक्या शत्रूला सुरुंग लावायला जागा जास्त. मग असं का बांधलं? माझ्या मते हे बांधकाम शत्रूपेक्षा रयतेसाठी आणि बरोबरीच्या सरदारांसाठी होतं. इथे आता मालक कोण आहे, ते मैलभरावरून दिसावं म्हणून.

आता मी ज्यासाठी तुमच्यापुढे उभा आहे, ते सांगतो. या बालेकिल्ल्याच्या भिंतींत चौकोनी भोकांच्या रांगा आहेत. गवंड्यांनी परांची बांधताना ज्या आडव्या तुळया भिंतीत खोवल्या, त्यांची ही भोकं. काम संपल्यावर कामगारांनी तुळया भिंतीलगत कापल्या, पण काही ठिकाणी आतली टोकं तशीच राहिली. पुरातत्त्वज्ञांनी त्या ओकच्या तुकड्यांची वार्षिक वलयं मोजली. सर्वांत जुनं लाकूड 1175 च्या सुमारास तोडलेलं निघालं, वरच्या भागातलं 1204 च्या आसपासचं. तोपर्यंत जुन्या बखरवजा नोंदींच्या आधारे हा किल्ला 1220 चा समजला जात होता. म्हणजे हातभर लाकडाने किल्ल्याचं वय जवळजवळ अर्ध्या शतकाने मागे नेलं! द लेसीने जळलेल्या कोटाच्या जागी लगेचच दगडाचं काम काढलं आणि त्याच्या मुलाच्या काळात ते वर चढत गेलं, हे आज आपल्याला कळतं ते त्या भोकांमुळे. कुणी उत्साही माणसाने मधल्या काळात ती भोकं चुन्या-सिमेंटने बुजवली असती, तर हे कायमचं गेलं असतं.

1993 मध्ये हा किल्ला आयरिश सरकारने विकत घेतला आणि 2000 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आतलं काम आवर्जून बघा. उत्तरेकडचा बुरूज पडलेला आहे, तो पुन्हा बांधलेला नाही. आत पाऊस येऊ नये म्हणून छप्पर आहे, चालायला पूल आहेत, पण नवं काम नवंच दिसतं. आठशे वर्षांपूर्वीचं कुठलं आणि आत्ताचं कुठलं, याबद्दल शाळकरी मुलाचीही फसगत होत नाही.

ट्रिम गावात एक उंच स्तंभ आहे, 1817 चा. वर पुतळा आहे आर्थर वेलस्लीचा, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा. त्याच्या घराण्याचा डँगनचा वाडा ट्रिमजवळच होता आणि तरुणपणी तो आयरिश संसदेत ट्रिमचाच प्रतिनिधी होता. 1803 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, सप्टेंबरमध्ये असई, नोव्हेंबरमध्ये अडगाव आणि डिसेंबरमध्ये गाविलगड जिंकणारा तो हाच. त्या खांबाखाली उभं राहिल्यावर मराठी माणसाला जे वाटायचं ते वाटतंच. ते मी शब्दांत सांगत बसत नाही.

तिथून बेक्टिव्ह जवळच आहे. 1147 मध्ये मीथच्या आयरिश राजाने सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंसाठी हा मठ स्थापन केला. ट्रिमशी त्याचं नातं फार विलक्षण आहे. 1186 मध्ये ह्यू द लेसी डरो या गावी नव्या किल्ल्याचं काम बघत असताना एका आयरिश तरुणाने कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवलं. पुढे त्याचं धड बेक्टिव्हला पुरलं गेलं आणि डोकं डब्लिनच्या सेंट थॉमस मठात. मग दोन मठांत भांडण जुंपलं. अशा माणसाचे अवशेष ज्याच्याकडे, त्याच्याकडे दानाचा आणि मानाचा ओघ. 1205 मध्ये निकाल डब्लिनच्या बाजूने लागला. बेक्टिव्हचा मठ 1536 मध्ये बंद झाला आणि पुढे त्याचा वाडा झाला. साधूंच्या भोजनगृहात धुरांडी बसवली, भिंती फोडून मोठ्या खिडक्या काढल्या. ते सगळं तसंच ठेवलं आहे, त्यामुळे मठ कुठे संपतो आणि वाडा कुठे सुरू होतो, हे आपलं आपल्याला शोधता येतं.

मेलिफाँटला बहुतेक ठिकाणी गुडघाभर भिंतीच उरल्या आहेत. 1142 चा, आयर्लंडमधला पहिला सिस्टर्शियन मठ. साधूंच्या हात धुण्याच्या अष्टकोनी मंडपाच्या आठांपैकी चार बाजू उभ्या आहेत, पण त्या कमानी इतक्या नाजूक आहेत की माणूस तिथून हलत नाही. डर्व्होर्गिला नावाची एका आयरिश राजाची राणी याच मठात 1193 मध्ये वारली. 1152 मध्ये लेन्स्टर या आयरिश प्रांताच्या डर्मट राजाने तिला पळवून नेलं होतं. तिच्या नवऱ्याने ते वैर सोडलं नाही, 1166 मध्ये डर्मटला देश सोडावा लागला आणि तो मदत मागायला दुसऱ्या हेन्रीकडे गेला. नॉर्मन आले ते त्या वाटेने. तिच्या नवऱ्याला 1172 मध्ये बोलणी चालू असताना द लेसीच्या माणसांनी मारलं, तेही ट्रिमपासून फार दूर नाही. सगळी गोष्ट एका दिवसाच्या प्रवासात मावते, आणि ट्रिमची भिंत कशासाठी एवढी जाड, हे मेलिफाँटला आल्यावर उमगतं.

2025 मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता निधी येईल, कामं निघतील. इथे बसलेल्यांपैकी जे गडसंवर्धनाच्या मोहिमांवर जातात, त्यांना माझी विनंती आहे : तटातलं भोक बुजवण्याआधी आत बॅटरी मारून बघा. लाकूड दिसलं, तर हात लावू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.