होडी खाऱ्या पाण्याने कुजत नाही

नमस्कार मंडळी. घरच्या घरी शिडाची होडी बांधता येते म्हटलं की लोक हसतात, पण येते हो, १९६३ साली इंग्लंडात मिरर नावाची साधारण अकरा फुटी होडी निघाली, जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा बॅरी बकनेल या दोघांची, ती तर हजारो लोकांनी आपापल्या अंगणात बांधली. करायचं काय, तर प्लायचे तुकडे कापायचे, कडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने गोधडीसारखे टाचायचे आणि सांध्यांवर रेझिनने फायबरची पट्टी चिकटवायची.

मी खाडीत फिरायला त्याच पद्धतीने पावणेआठ फुटी केली, म्हणजे आठ फुटी प्लायमध्ये बसते. डोलकाठी बांबूची, शीड ताडपत्रीचं. प्लायवर मात्र पैसे वाचवू नका. दुकानदाराने "मरीनच आहे" (म्हणजे पाण्यात टिकणारा, होडीचा प्लाय) म्हणून दिलेला तुकडा मी जुन्या टोपात तासभर उकळला तर पापुद्रे सुटले पापडासारखे! आयएस ७१० या भारतीय मानकाचा खरा मरीन प्लाय ७२ तास उकळून तपासतात.

बांधणं तसं सोपंच, खरं काम नंतर. शेजारचे म्हातारे तांडेल काका होडी बघून म्हणाले, "खाऱ्या पाण्याक काय घाबरतंस, पावसाच्या पाण्याक घाबर." तेव्हा मला वाटलं मस्करी करतायत. पण लाकूड कुजवणारी बुरशी मिठात नीट वाढत नाही, गोडं पाणी तळाला साचून राहिलं की मात्र तिची चंगळ. म्हणून किनाऱ्यावर घेतली की आधी पाणी सोडायचं बूच काढायचं, पावसाळ्यात होडी पालथी, खाली दोन ओंडके, वर झाप, आणि प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं नाही, आत वारा खेळला पाहिजे. प्लायच्या कापलेल्या कडा दोनदा-तीनदा रेझिन पाजून बंद करा, पाणी शिरतं ते तिथूनच. नुसतं इपॉक्सी, म्हणजे हेच रेझिन, उन्हात टिकत नाही, वर रंग हवाच. आणि लोखंडी स्क्रू नको, प्लीज.

नारळी पौर्णिमेआधी पेचकसाच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा, टक्-टक् आवाज आला तर उत्तम, धप् आला तर आत कुजलंय, तेवढा भाग कापून नवीन तुकडा बसवा. मी एका वर्षी आळस केला आणि वरून छान निळा रंग मारून टाकला, पुढच्या वर्षी ठोकायला गेलो तर पेचकस आरपार.