फक्त चांगल्या लोकांनाच सापडणारं दार

मंडळी, विषय दिलाय ‘टेक्नॉलॉजी आणि पाळत’. आता यावर बोलायचं तर रोज सकाळी एक नवीन बातमी असते, एक वाचून होत नाही तर दुसरी, त्यामुळे मी आज सगळ्या बातम्यांची यादी घेऊन बसणार नाहीये. मी एक जुनी गोष्ट सांगणार आहे, एका सॉफ्टवेअर अपडेटची, कारण मला हल्ली ज्या ज्या बातम्यांवर आधी हसू येतं आणि मग डोकं फिरतं त्या सगळ्या बातम्या या एका गोष्टीच्याच नवीन आवृत्त्या आहेत असं माझं ठाम मत आहे.

साल २००४. अथेन्समध्ये ऑलिम्पिक. ग्रीसमध्ये व्होडाफोनचं मोबाईल नेटवर्क होतं आणि त्या नेटवर्कच्या पोटात एरिक्सनचे स्विच होते, म्हणजे या फोनचा कॉल त्या फोनला जोडून देणारी मोठाली मशिन्स. पोलिसांना कायदेशीर परवानगी घेऊन एखाद्याचे कॉल ऐकता यावेत म्हणून अशा स्विचमध्ये मुळातच एक सोय करून ठेवलेली असते. तर व्होडाफोन ग्रीसने ही सोय पूर्णपणे घेतलेलीच नव्हती. पण २००३ मध्ये एक अपडेट आलं आणि त्या अपडेटसोबत कॉलची कॉपी काढणारा आतला भाग आपसूक येऊन बसला. कोणाचा कॉल कुणाच्या आदेशाने ऐकला जातोय हे दाखवणारा वरचा भाग मात्र आला नाही! म्हणजे ऐकण्याचं मशीन तयार आणि हिशोब ठेवणारं कोणी नाही.

मग काय व्हायचं ते झालं. कोणीतरी आत शिरलं, साधारण साडेसहा हजार ओळींचा आपला कोड त्यात बसवला आणि ती झोपलेली सोय गुपचूप जागी केली. शंभराहून जास्त लोकांचे फोन. कोणाचे, तर पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांचा, त्यांच्या पत्नीचा, संरक्षण मंत्र्यांचा, परराष्ट्र मंत्र्यांचा, अथेन्सच्या महापौरांचा. यांच्यापैकी कोणी फोनवर बोललं की त्या बोलण्याची एक कॉपी १४ प्रीपेड मोबाईलपैकी एकावर जायची आणि पलीकडे कोणीतरी निवांत ऐकत बसायचं. देशाचा पंतप्रधान, हो! आणि हे महिनोन्महिने चाललं.

पकडलं कसं गेलं? एवढे हुशार लोक, त्यांनी जानेवारी २००५ मध्ये आपल्याच चोरट्या सॉफ्टवेअरचं अपडेट टाकलं आणि ते गंडलं. लोकांचे एसएमएस पोचेनात, तक्रारी आल्या, एरिक्सनचे इंजिनिअर शोधायला बसले तेव्हा त्यांना तिथे नसायला हवा असा कोड सापडला. म्हणजे चोरांनासुद्धा रिलीजच्या आधी टेस्टिंग न करणं भोवलं, इथे बसलेल्या टेस्टिंगवाल्यांनी याच्यावर जरूर टाळ्या वाजवाव्यात. पुढे व्होडाफोनने तपास यंत्रणांच्या हाती काही लागायच्या आधीच तो कोड काढून टाकायला लावला, पलीकडचे सावध झाले, ते १४ फोन बंद पडले. फेब्रुवारी २००६ मध्ये सरकारने हे सगळं जाहीर केलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी व्होडाफोनला ७ कोटी ६० लाख युरोंचा दंड झाला.

आता या गोष्टीत माझं सगळं लक्ष एकाच ठिकाणी अडकतं. चोरांनी ऐकण्याचं मशीन बनवलंच नाही. ते आधीच तिथे होतं. चांगल्या लोकांनी, चांगल्या कामासाठी, कायद्यात बसवून बनवलेलं होतं. चोरांना फक्त बटण शोधायचं होतं. आणि म्हणून जेव्हा जेव्हा एखादा मंत्री किंवा एखादी तपास संस्था म्हणते की आम्हाला एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे मजकूर दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून गणिताने लावलेल्या कुलपात, एक छोटीशी वाट ठेवा, ती फक्त आम्हीच वापरू, तेव्हा मला हात जोडून विचारावंसं वाटतं की साहेब, मशीनला कळणार कसं की बटण दाबणारं बोट चांगल्या माणसाचं आहे? कोड माणसाचं चारित्र्य तपासत नाही, तो फक्त किल्ली जुळते का बघतो.

ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना २०१७ मध्ये पत्रकारांनी हेच विचारलं होतं, की गणिताचे नियम आड येतात त्याचं काय. त्यावर ते म्हणाले की गणिताचे नियम फार कौतुकास्पद आहेत पण ऑस्ट्रेलियात फक्त ऑस्ट्रेलियाचा कायदा चालतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच खुर्चीवर बसून मोठ्याने हसलो होतो. आणि पुढच्याच वर्षी त्या देशाने कंपन्यांना एन्क्रिप्ट केलेल्या माहितीपर्यंत पोचायला तपास यंत्रणांना मदत करायला भाग पाडणारा कायदा पास केला, तेव्हा हसू पार गेलं.

बरं, ग्रीसची गोष्ट वीस वर्षं जुनी, आता सुधारणा झाली असेल असं कुणाला वाटत असेल तर थेट २०२४ मध्ये या. अमेरिकेत १९९४ पासून एक कायदा आहे, त्याचं छोटं नाव कॅलिया, की टेलिफोन कंपन्यांनी आपल्या नेटवर्कमध्ये सरकारला ऐकता येईल अशी व्यवस्था ठेवलीच पाहिजे. ठेवली. तीस वर्षांनी बातमी आली की चीनशी संबंधित हॅकर्सचा एक गट, ज्याला सॉल्ट टायफून म्हणतात, तो अमेरिकेतल्या मोठमोठ्या टेलिकॉम कंपन्यांमध्ये घुसलाय. एफबीआय आणि सिसा या दोन सरकारी संस्थांनी नोव्हेंबरमध्ये मिळून निवेदन काढलं, त्यात स्वतःच सांगितलं की कोर्टाच्या आदेशाने पोलिसांनी जी माहिती मागवली होती तीसुद्धा या हॅकर्सनी कॉपी केली. म्हणजे बघा, सरकार कोणावर लक्ष ठेवून आहे ही माहिती दुसऱ्या सरकारच्या हाती! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

आणि खरी मजा याच्या पुढे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना सल्ला काय दिला? की बाबांनो, एंड टू एंड एन्क्रिप्शन असलेली ॲप्स वापरा, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच मेसेज वाचता येत नाही अशी. अहो, याच एफबीआयने २०१६ मध्ये आयफोनचं लॉक तोडायला मदत करा म्हणून ॲपलला कोर्टात खेचलं होतं, वर्षानुवर्षं हीच संस्था सांगत आली की एन्क्रिप्शनमुळे आमच्या तपासात अंधार होतोय. घरात पाणी शिरल्यावर त्यांना कळलं की भिंतीला भोक कशाला पाडू नये. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं आलं तरी, मला त्याचा मनापासून आनंद झाला.

पण आनंद टिकला किती, दोन महिने. फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी फुटली की ब्रिटन सरकारने ॲपलला गुप्त आदेश दिलाय, आयक्लाऊडमधला, म्हणजे ॲपलच्या सर्व्हरवर लोकांनी साठवलेला, एन्क्रिप्ट केलेला डेटा आम्हाला उघडता आला पाहिजे. असा आदेश आला तर आलाय हे सांगायलाही कंपनीला कायद्याने बंदी! हा डेटा खुद्द ॲपललाही उघडता येऊ नये असं जे जास्तीचं संरक्षण होतं, ते ॲपलने मग ब्रिटनमधल्या लोकांसाठी बंदच करून टाकलं. म्हणजे आदेशाने गुन्हेगार सापडले की नाही माहीत नाही, पण त्या देशातल्या साध्या माणसांच्या बॅकअपचं एक कुलूप मात्र नक्की गेलं. सॉल्ट टायफूनच्या बातमीची शाई वाळली नव्हती हो.

इथे कोणीतरी हात वर करणारच, की मग गुन्हेगार पकडायचे कसे. रास्त प्रश्न आहे. पोलिसांकडे मार्ग आहेत. २०२१ मध्ये एफबीआयनेच दाखवून दिलं, त्यांनी ॲनम नावाचे ‘सुरक्षित’ फोन आडून गुन्हेगारी टोळ्यांमध्ये पसरवले, टोळ्यांनी पैसे मोजून ते घेतले आणि त्यावरचे मेसेज वाचून जगभरात ८०० पेक्षा जास्त लोकांना अटक झाली. या पद्धतीवरही कायद्याच्या अंगाने बरंच बोलता येईल, पण निदान त्यात टोळ्यांच्या हातातला फोन लक्ष्य होता, तुमच्या आईच्या हातातला नव्हता. माझा आग्रह एवढाच, ज्याच्यावर संशय आहे त्याच्या मागे लागा, सगळ्यांची कुलपं कमजोर करून ठेवू नका.

आता दुसरं वाक्य, जे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. कर नाही त्याला डर कशाला.

यावर मला अमेरिकेतल्या एका बापाची हकीकत सांगायची आहे. २०२१ ची. लहान मुलाला नाजूक जागी इन्फेक्शन झालं, सूज आली, दवाखान्यातून सांगितलं की डॉक्टरांना बघायला फोटो पाठवा. म्हणून आईवडिलांनी फोटो काढले. बापाच्या फोनवरून ते आपोआप गुगलच्या क्लाऊडमध्ये गेले, तिथल्या सिस्टिमने ते बाल अत्याचाराचे फोटो म्हणून पकडले, आणि दोन दिवसांत त्याचं अकाऊंट बंद. अकाऊंट म्हणजे नुसता मेल नव्हे. कॉन्टॅक्ट, मुलाचे सगळे जुने फोटो, आणि मोबाईल सर्व्हिसही गुगलचीच होती म्हणून फोन नंबरसुद्धा गेला. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा झालेलाच नाही असं लेखी दिलं. पण त्या तपास अधिकाऱ्याला हे त्या माणसाला कळवायचं होतं तर त्याचा ना फोन लागेना ना मेल जाईना, कारण दोन्ही बंद! शेवटी पत्र पाठवावं लागलं. आणि पोलिसांनी निर्दोष म्हटल्यावरही गुगलने अकाऊंट परत दिलं नाही. त्या बापाला कसली कर होती? आजारी मुलासाठी डॉक्टरांचं ऐकलं. बाल अत्याचार हा भयंकर गुन्हा आहे आणि तो करणाऱ्यांना पकडलंच पाहिजे याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही, पण युरोपियन युनियनमध्ये २०२२ पासून सगळ्यांचे मेसेज असे स्कॅन करण्याचा जो प्रस्ताव येतो, अडकतो, पुन्हा येतो, त्याची बातमी आली की मला दर वेळी हा माणूस आठवतो.

सरकारांबद्दल खूप बोललो, आता आपल्या इंडस्ट्रीकडे वळतो कारण आपले हातही काही स्वच्छ नाहीत. अव्हास्ट नावाचा अँटीव्हायरस तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी टाकलेला असेल. ट्रॅकिंगपासून वाचवतो अशी जाहिरात करायचा आणि वापरणारे कुठल्या कुठल्या साईटवर जातात तो डेटा जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत शंभराहून जास्त ठिकाणी विकायचा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरचा दणका दिला. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणणार. जनरल मोटर्सच्या गाड्यांचं तर याहून वर, कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे लोकेशन कधी कधी दर तीन सेकंदांनी टिपलं जायचं, ब्रेक जोरात मारला, रात्री उशिरा गाडी चालवली, सगळं नोंदलं जायचं, आणि ते जाऊन पोचायचं अशा कंपन्यांकडे जिथून विमावाले माहिती घेतात. स्वतःच्या पैशाने घेतलेली गाडी आपलीच चहाडी करते!

आणि मायक्रोसॉफ्टचं रिकॉल. मे २०२४ मध्ये स्टेजवरून अभिमानाने सांगितलं की तुमचा कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवेल, म्हणजे पुढे काही शोधायचं तर सापडेल. सिक्युरिटीवाल्यांनी लगेच उघडून दाखवलं की त्या फोटोंमधला सगळा मजकूर एका साध्या डेटाबेसमध्ये वाचता येईल असा पडलाय. बोंबाबोंब झाली, फीचर मागे घेतलं, डागडुजी केली आणि २०२५ मध्ये पुन्हा आणलं, आता निदान आपण चालू केलं तरच चालू होतं. यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे सिग्नल या मेसेजिंग ॲपने काढलेला तोडगा. सिनेमाची कॉपी काढता येऊ नये म्हणून विंडोजमध्ये जी सोय आहे तीच त्यांनी आपल्या चॅटच्या खिडकीला लावली, आता रिकॉलला तिथे काही दिसत नाही. झकास! पण मित्राशी चाललेल्या गप्पा स्वतःच्याच कॉम्प्युटरपासून लपवायला सिनेमावाल्यांची युक्ती वापरावी लागते, इथवर आपण आणून ठेवलंय.

इथे सॉफ्टवेअर बनवणारे बरेच जण दिसतायत, मीही त्यातलाच, म्हणून तुमच्याशी जरा हक्काने बोलतो. हे सगळं कोणी दुष्ट माणूस अंधारात बसून करत नाही. मीटिंग असते, कोणीतरी म्हणतं लोकेशनही घेऊन ठेवू, पुढेमागे उपयोगी पडेल, कोणी विरोध करत नाही कारण स्टोरेज स्वस्त आहे आणि जेवायची वेळ झालेली असते, आणि डेटाबेसच्या टेबलात माहितीचा एक कॉलम वाढतो. तो कॉलम मग कधीच कोणी काढत नाही. तेव्हा त्या मीटिंगमध्ये तुम्ही बोला. विचारा की हा कॉलम नसला तर नेमकं काय अडेल, लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, किती दिवसांनी पुसणार, आणि उद्या कोणी आदेश घेऊन आलं किंवा कोणी चोरून आत आलं तर आपण त्यांच्या हातात काय काय देणार आहोत. जेवण दहा मिनिटं उशिरा झालं तरी चालेल.

आणि हे जमत नाही, व्यवहारात असं होत नाही असं जो म्हणेल त्याला सिग्नलचंच उत्तर दाखवा. २०१६ मध्ये अमेरिकेतून त्यांना समन्स आलं, अमुक नंबरवाल्याची सगळी माहिती द्या, नाव, पत्ता, कॉन्टॅक्ट, काय असेल ते. त्यांनी होती तेवढी सगळी दिली. ती होती अकाऊंट कधी उघडलं ती वेळ आणि शेवटचं कनेक्ट कधी झालं ती तारीख. बाकीचं गोळाच केलेलं नव्हतं तर देणार कुठून. २०२१ मध्ये पुन्हा एक समन्स आलं, तेव्हाही त्यांच्याकडून तेवढंच गेलं.

चला, आता प्रश्न विचारा, आणि माईक पहिल्यांदा त्या टेस्टिंगवाल्यांकडे द्या.