सरकारनं रोज उत्तर द्यायचं असतं
(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, डिसेंबर आला की आपल्या शहरात अधिवेशनाची चाहूल आधी रस्त्यांवर लागते. सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड उभे राहतात, रविभवन आणि आमदार निवासात लगबग सुरू होते, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघू लागतात. आणि बघता बघता सगळं आवरून सरकार मुंबईला परत जातं. मला आज संसदीय राज्यपद्धतीची इतर पद्धतींशी तुलना करायला सांगितलं आहे. ही तुलना पुस्तकातल्या तक्त्यासारखी मांडण्यात मला रस नाही. या पद्धतीचा जीव कशात आहे, आणि तो आपल्याकडे का क्षीण होत चालला आहे, एवढंच मला बोलायचं आहे.

अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो. त्याचं धोरण काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पटलं नाही म्हणून ती त्याला घरी पाठवू शकत नाही. महाभियोग आहे, पण तो गैरवर्तनासाठी, धोरणासाठी नाही. आणि सिनेटनं आजवर एकाही अध्यक्षाला त्या मार्गानं पदावरून काढलेलं नाही. उलट अध्यक्षही काँग्रेस बरखास्त करू शकत नाही. दोघांचं पटलं नाही की पैशाची मंजुरी अडते आणि अनेक सरकारी कचेऱ्या बंद पडतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात त्या ३५ दिवस बंद होत्या, अध्यक्ष मात्र जागेवर होते. आपल्याकडे किंवा ब्रिटनमध्ये कनिष्ठ सभागृहानं अर्थसंकल्प फेटाळला, तर सरकारला जावं लागतं.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच फरक फार नेमकेपणानं सांगितला. लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळात दोन गुण हवेत, स्थैर्य आणि जबाबदारी; दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, असं ते म्हणाले. अमेरिकेत जबाबदारीची तपासणी ठरावीक काळानं, निवडणुकीत होते. संसदीय पद्धतीत मतदार ती निवडणुकीत करतातच, शिवाय सभासद ती रोज करतात: प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वास प्रस्तावातून, स्थगन प्रस्तावातून, अभिभाषणावरच्या चर्चेतून. भारतासारख्या देशाला ही रोजची तपासणी अधिक गरजेची आहे, म्हणून मसुद्यानं स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. माझ्या मते आपल्या घटनेतला हा सर्वांत धाडसी निर्णय होता. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, संस्थानांचा प्रश्न पुरता मिटला नव्हता. अशा वेळी मजबूत सरकार मागणं सोपं होतं. त्यांनी उत्तर देणारं सरकार मागितलं.

ही रोजची तपासणी दिसते कशी? आपल्या विधानसभेची तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, यादी कधी हातात घेऊन बघा. प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो. अमुक तालुक्यातल्या सिंचन प्रकल्पाचं काम रखडलं आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? भाषा रुक्ष आहे, पण त्या चार ओळींत ताकद आहे. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून जिल्ह्याला निरोप जातो, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेली फाईल टेबलावर येते. उत्तर ‘हे खरे नाही’ असं द्यायचं की ‘अंशतः खरे आहे’ असं, यावर अधिकारी खल करतात, कारण ते उत्तर मंत्र्याच्या नावानं सभागृहात जाणार असतं आणि त्यावर उपप्रश्न येणार असतात. खोटं ठरलं तर हक्कभंगाची टांगती तलवार असते. गडचिरोलीतल्या एखाद्या गावचा माणूस मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर पोचू शकत नाही. त्याचा प्रश्न मात्र पोचू शकतो.

पण त्यासाठी सभागृह बसलं पाहिजे, आणि उत्तर देणारा मंत्री असला पाहिजे. २०२४ चं हिवाळी अधिवेशन आठवा. १५ डिसेंबरला इथंच राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. १६ ते २१ डिसेंबर अधिवेशन चाललं. खातेवाटप जाहीर झालं ते २१ तारखेला, कामकाज संपल्यानंतर. म्हणजे सहा दिवस मंत्री सभागृहात होते, पण कुठल्या खात्याचा जाब कुणाला विचारायचा, हेच ठरलेलं नव्हतं. निवडणूक नुकतीच झाली होती, हे मला मान्य आहे. तरीही २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला जे आश्वासन मिळालं होतं, की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं होईल, त्याचा अर्थ नुसत्या हजेरीपुरता नव्हता.

दिल्लीतही चित्र वेगळं नाही. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. दोन्ही लोकसभा पूर्ण मुदत चालल्या, हे लक्षात घ्या.

सभागृहात ऐकून घेतलं जात नाही तेव्हा माणसं रस्त्यावर येतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला आपल्याच शहरात, अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. सरकारपर्यंत आपलं म्हणणं पोचावं, एवढ्यासाठी ती आली होती. सीताबर्डीचा उड्डाणपूल आज त्यांच्या नावानं आहे.

आता स्थैर्याकडे येतो, कारण सारखी सरकारं पडली तर काय, हा प्रश्न रास्त आहे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, म्हणजे एका मतानं पडलं. पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार मात्र देता आलं नाही, आणि देश निवडणुकीला गेला. जर्मनीत विरोधकांना असं सरकार पाडता येत नाही. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मनीत, नाझी आणि कम्युनिस्ट सरकारविरोधात एकत्र मतदान करायचे, पण मिळून सरकार बनवणं त्यांना शक्य नव्हतं. त्यातून धडा घेऊन १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या घटनेत, कलम ६७ आलं: चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, हटवायचं असेल, तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर बहुमतानं निवडा. १९७२ च्या एप्रिलमध्ये चॅन्सेलर विली ब्रांट यांच्याविरुद्ध असा प्रस्ताव आला. विरोधी पक्षाचे नेते राइनर बार्झेल यांना २४९ मतं हवी होती, मिळाली २४७. कमी पडलेल्या मतांपैकी एक मत पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्यानं पन्नास हजार मार्क देऊन फिरवलं होतं, हे पुढे उघड झालं. घोडेबाजार काही आपलीच मिरास नाही. १९८२ मध्ये मात्र याच कलमानं हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले, एका दिवसात, निवडणुकीशिवाय. स्पेननंही ही तरतूद घेतली आणि २०१८ मध्ये तिथं पंतप्रधानपदी राहॉय जाऊन सांचेझ आले.

जर्मनीनं सरकारला स्थैर्य दिलं, पण सदस्याचं मत काढून घेतलं नाही. आपण नेमकं उलट केलं. १९६७ नंतरच्या ‘आयाराम गयाराम’च्या काळात पक्षांतरानं खरोखर कहर केला होता. यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली त्यावर समितीही बसली. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आणलं: पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलात, तर सदस्यत्व जाऊ शकतं. किहोटो होलोहान खटल्याच्या १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा आदेश विश्वासमत किंवा पक्षाच्या मूळ धोरणाचा विषय, एवढ्यापुरताच असावा. प्रत्यक्षात साध्या विधेयकांवरही व्हिप निघतो.

याची किंमत समजायची तर ब्रिटनकडे बघा. १५ जानेवारी २०१९ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, ४३२ विरुद्ध २०२ मतांनी कोसळला. त्यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं. दुसऱ्याच दिवशी अविश्वास प्रस्ताव आला, तेव्हा त्यांचा पक्ष पाठीशी उभा राहिला आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ नं टिकलं. सरकार हवं, हा करार नको, असं सांगायची मुभा त्या खासदारांना होती, आणि एकाचीही जागा गेली नाही. आपल्याकडच्या सत्ताधारी आमदाराला ही मुभा नाही. मग सोयाबीनच्या भावावर तो पोटतिडकीनं बोलतो आणि बोलून झाल्यावर पक्ष सांगेल तिथं हात वर करतो. मतदारसंघातले लोक त्याला दोष देतात. मी त्या कायद्याला दोष देतो. शिवाय या कायद्यानं पक्षांतर तरी थांबलं का, हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रानं पाहिलं आहे. एकटा माणूस पक्ष सोडायला घाबरतो, गट घाबरत नाही.

उपाय अज्ञात नाही. दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं, की व्हिप मोडल्याबद्दलची अपात्रता सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरती ठेवावी. पाकिस्तानच्या घटनेतलं कलम ६३-अ सुद्धा आपल्यापेक्षा मर्यादित आहे: पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांची निवड, विश्वास-अविश्वास, अर्थविधेयक आणि घटनादुरुस्ती, एवढंच. आपण ही मर्यादा घातली आणि तिला जर्मन धर्तीच्या अविश्वास प्रस्तावाची जोड दिली, तर सरकारं टिकतील आणि आमदारही मोकळे होतील.

त्याला घटनादुरुस्ती लागेल, वेळ लागेल. बैठकांचे दिवस वाढवायला मात्र काहीच लागत नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, एवढंच घटना सांगते. अधिवेशन किती दिवस चालावं यावर वरची मर्यादा नाही. नागपुरात किती दिवस काम करायचं, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं, आणि त्या समितीत सर्व प्रमुख पक्षांची माणसं बसतात. तुमचा आमदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याला दिवाळीनंतर गाठा. निवेदन नको, एकच गोष्ट विचारा: यंदा किती दिवसांची मागणी तुमच्या पक्षानं समितीत केली? उत्तर लेखी घ्या, आणि ते वर्तमानपत्राकडे द्या.