आधी माणसं, मग बॅगा

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडात शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या धुळ्या-जळगावकडची बरीच कुटुंबं मुलाबाळांसह कायमची तिकडे निघतात. आम्हीही असेच निघालो होतो: मी, माझे यजमान, थोरली मुलगी, सहा वर्षांचा धाकटा आणि सहा महिन्यांसाठी सोबत येणाऱ्या माझ्या सासूबाई. मुंबईहून फ्रँकफर्ट साधारण नऊ तास, तिथून टोरांटो साडेआठ. मधला थांबा वेगळा, आणि त्याआधी धुळ्याहून आग्रा रोडने नाशिक, कसारा घाट करत मुंबई गाठायची ती वेगळीच.

अशा घरात महिनाभर वजनकाटा मधल्या खोलीतच असतो. तेवीस किलोत कळण्याचं पीठ बसवायचं, बिबडे मोडू द्यायचे नाहीत, काळा मसाला गळू द्यायचा नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं! फक्त एक सांगते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते चालत नाही. मसाला घरूनच कुटून न्या. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी, खाली जाणाऱ्या सामानात नको.

पण सामानाचा एवढा हिशोब करणाऱ्या घरात विमानात कोण कोणाशेजारी बसणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज माझं सांगणं एकच आहे: आधी माणसं, मग बॅगा.

आता ती गोष्ट सांगते. फ्रँकफर्टहून निघालेल्या विमानात आमच्या पाच जागा तीन ठिकाणी विखुरल्या होत्या. तिकिटाबरोबर जागा ठरवल्या होत्या, पण ऐनवेळी विमान बदललं आणि सगळं विस्कटलं. मी आणि धाकटा मधे, यजमान आणि मुलगी पुढे, आणि सासूबाई पार शेवटच्या रांगांमध्ये, दोन अनोळखी माणसांच्या मधे. एक बाई जागा बदलायला तयार होती, तेवढ्यात पट्टे बांधा असा दिवा लागला.

तीनेक तासांनी धाकट्याला बाथरूमला जायचं होतं. मी दाराशीच उभी राहिले. विमानातल्या बाथरूमचा दिवा कडी सरकवल्यावर नीट उजळतो, म्हणून त्यानं आतून कडी लावली. सगळं ठीक होतं. मग त्यानं फ्लशचं बटण दाबलं. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना ठाऊक आहे. तिथं पाणी वाहत नाही, हवेच्या ओढीनं सगळं खेचलं जातं, आणि त्याचा मोठा फुत्कार होतो. आतून लेकराची किंकाळी आली. त्याच क्षणी विमान हलायला लागलं.

कडी काही त्याला उघडेना. मी दारावर थापा मारते आहे, तो आत रडतो आहे. एअर होस्टेस धावत आली. दारावर बाथरूमची पाटी असते ना, तिच्याखाली बाहेरून उघडायचा खटका असतो. तिनं पाटी उचलली, खटका सरकवला. कडी निघाली. पण दार उघडेना! ते दार मधे दुमडून आत जाणारं, आणि पोरगं खाली बसून दाराला पाठ टेकून रडत होतं. जोर लावावा तर त्यालाच लागणार. ती इंग्रजीतून गोड बोलली. मीही त्याच्या शाळेतल्या मराठीत, इंग्रजीत, सगळं बोलून पाहिलं. माझा आवाज थरथरत होता, तसा तो जास्तच रडत होता.

शेवटी यजमानांनी मागून सासूबाईंना आणलं. विमान हलतंय, आणि त्या एकेक सीटची पाठ धरत आल्या. दाराशी खाली बसल्या आणि रोज अंगणात बोलतात त्याच आवाजात, आमच्या घरच्या अहिराणी बोलीत म्हणाल्या, “काय व्हयनं भाऊ? मी अठेच शे, दारना बाहेर.”

रडणं थांबलं. आतून तो सांगायला लागला, की ते मला आत ओढून घेईल. सासूबाई म्हणाल्या, “काहीच व्हत नही. ऊठ, आन् वर बठ.”

मग आतून हालचाल झाली. पाठ दारावरून निघाली. दार दुमडलं. पोरगं थेट आजीच्या गळ्यात!

त्या एअर होस्टेसनं मग आपण होऊन दोन प्रवाशांना विनंती केली आणि आजी-नातवाला शेजारी बसवलं. टोरांटोपर्यंत तो आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

इथं मला मनापासून सांगावंसं वाटतं. परदेशी जायचं म्हणून काही घरांत वर्षभर आधीपासून मुलांशी अहिराणी बोलणं बंद करतात. कृपा करून करू नका. इंग्रजी तिकडची शाळा शिकवते. घाबरलेल्या लेकराला घरातलीच बोली लागते.

आणि दुसरं. निरोप घरच्या ओट्यावरच द्या. दोन गाड्या भरून माणसं विमानतळापर्यंत नेली, की जाणारी माणसं निघण्याआधीच थकतात.

बाकीचं थोडक्यात. विमानातल्या हवेचा दाब साधारण आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर असतो तसा, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या दुपटीइतका उंच जागेचा. हवा फार कोरडी असते. थोडं थोडं पाणी पीत राहा. विमान उतरताना मुलांचे कान दुखतात, तेव्हा त्यांना झोपू देऊ नका, काहीतरी गिळत राहायला द्या. म्हाताऱ्या माणसांनी पाय हलवत राहावं, मधून मधून चालावं. आणि त्यांची औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

जागांचं पुन्हा सांगते: आधी माणसं, मग बॅगा. तिकीट काढतानाच जागा मागा, निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा, आणि विखुरल्या दिसल्या तर विमानात चढण्याआधी काउंटरवरच बोला. लेकराशेजारी ते ज्याचं ऐकतं, तेच माणूस हवं.

उतरल्यावर खाण्याचं जे काही आहे ते तिथल्या अधिकाऱ्यांना सगळं सांगून टाका. लपवू नका. उन्हाळ्यात टोरांटोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, त्यामुळे पहिले काही दिवस मुलं रात्री तीनला टक्क जागी होतात आणि भूक भूक करतात. रागावू नका, भात-वरण तयार ठेवा, आणि सकाळी उजाडलं की त्यांना बाहेर उन्हात न्या.

नमस्कार.